ब्रास क्विंटेटच्या पहिल्या मैफलीला जाताना

वरातीतला बँड आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. तिथे कान आपोआप वरच्या आवाजाला चिकटतात: ट्रम्पेट गाण्याची चाल वाजवतो, बाकीचे त्याच्या मागून चालतात. हीच सवय घेऊन ब्रास क्विंटेटला, म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या पाच जणांच्या मैफलीला, गेलं की अर्ध्या तासात कंटाळा येतो, नाहीतर कान तरी बधिर होतात. इथली मजा चालीपेक्षा चालीच्या पोटात जास्त आहे. पाच माणसं, पाच वेगळ्या ओळी, समोर हात हलवणारा कुणी नाही आणि बहुतेक ठिकाणी माइकही नाही. अशी मैफल खालून वर ऐकायची. आधी सगळ्यात खालच्या सुरांचा ट्यूबा, मग मधले दोघे, म्हणजे ट्रॉम्बोन आणि हॉर्न, सगळ्यात शेवटी ट्रम्पेट. ट्रम्पेट काय, लक्ष दिलं नाही तरी ऐकू येतोच.

पाच जण आणि त्यांच्या नळ्या

ब्रास म्हणजे पितळ, पण हे घराणं पितळेवरून ठरत नाही, ओठांवरून ठरतं. मिटलेल्या ओठांतून हवा दाबून सोडली की ओठ थरथरतात. ती थरथर माउथपीसमधून नळीत जाते आणि नळी तिचा सूर बनवते. या हिशेबाने आपला शंख आणि तुतारी याच घरातले. सॅक्सोफोन मात्र अख्खा पितळेचा असूनही बाहेरचा, कारण तो पत्तीवर वाजतो.

क्विंटेटमध्ये दोन ट्रम्पेट, एक हॉर्न (फ्रेंच हॉर्न), एक ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा असतो. वळणं सोडवून नळ्या सरळ केल्या तर ट्रम्पेटची भरेल जेमतेम दीड मीटर, ट्रॉम्बोनची पावणेतीन, हॉर्नची सुमारे ३.७ आणि मोठ्या ट्यूबाची साडेपाच मीटर. आता यातली गंमत बघा. हॉर्नची नळी ट्रॉम्बोनपेक्षा मीटरभर लांब, तरी तो वाजतो ट्रॉम्बोनच्या वर. हॉर्नवाल्याच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात. त्याबद्दल पुढे बोलू.

एकाच लांबीच्या नळीतून सगळे स्वर निघत नाहीत. ओठ आवळत गेलं की आधी सा, मग प, वरचा सा, ग, प, किंचित उतरलेला कोमल नि आणि पुन्हा सा अशी शिडी मिळते. तुतारीला एवढ्यावरच भागवावं लागतं आणि एके काळी ट्रम्पेटचीही तीच गत होती. १८१८ साली प्रशियात स्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं आणि मधल्या रिकाम्या पायऱ्या भरल्या. व्हॉल्व्ह दाबला की नळीला एक जादा तुकडा जोडला जातो. मधला व्हॉल्व्ह सूर अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला एका स्वराने आणि तिसरा दीड स्वराने. ट्रॉम्बोन हेच काम पंधराव्या शतकापासून नळी पुढेमागे सरकवून करत आला आहे. त्याच्या सरकत्या नळीवर सात जागा असतात, पण कुठेही खूण नसते. व्हायोलिनवाल्यासारखं कानानेच ठरवायचं.

आवाजाचा पोत नळीच्या जाडीवर अवलंबून असतो. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची नळी बराच काळ एकाच जाडीची राहते, म्हणून त्यांच्या आवाजाला धार असते. हॉर्न आणि ट्यूबाची नळी हळूहळू रुंदावत जाते, म्हणून त्यांचा आवाज गोल, कापसात गुंडाळल्यासारखा. ट्रॉम्बोन हळू वाजत असताना हॉर्नच्या जवळ जातो आणि जोर केला की ट्रम्पेटच्या गटात शिरतो. जोर वाढला की या वाद्यांचा नुसता आवाज वाढत नाही, रंगच बदलतो. हा बदल कोणत्या क्षणी होतो ते पकडता आलं तर पहिल्याच मैफलीत बरंच काही हाती लागलं म्हणायचं.

तिकीट काढण्याआधी

कार्यक्रम नेमका कोणत्या जातीचा आहे ते बघा. टोरांटोचा कॅनेडियन ब्रास (स्थापना १९७०) गंभीर आणि हलकंफुलकं यांची सरमिसळ करतो आणि श्रोत्यांशी गप्पाही मारतो. व्हिएन्नाच्या म्नोझिल ब्रासमध्ये (१९९२) सात जण असतात आणि त्यांचा प्रयोग निम्मा नाटकच असतो. नुसतं ऐकायला गेलात तर निम्मं सुटेल. न्यूयॉर्कचा अमेरिकन ब्रास क्विंटेट (१९६०) नव्या, खास लिहून घेतलेल्या रचनांसाठी ओळखला जातो. तिथे ट्यूबा शोधत बसू नका, त्याच्या जागी बास ट्रॉम्बोन असतो. फिलिप जोन्स यांनी १९५१ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या गटाने दहा जणांची मांडणी रूढ केली: चार ट्रम्पेट, एक हॉर्न, चार ट्रॉम्बोन, एक ट्यूबा. ‘ब्रास आन्सांबल’ असं लिहिलेलं असेल तर बहुधा असाच मोठा ताफा असतो. आणि इंग्लंडात ‘ब्रास बँड’ म्हणाले तर तो पंचवीसच्या आसपास वादकांचा, ट्रम्पेटऐवजी कॉर्नेटवाला, पूर्ण निराळा प्रकार. पहिल्या खेपेला क्विंटेटच निवडावा. पाच ओळी कानाला पेलवतात, दहा नाही.

कार्यक्रमपत्रिका आधी मिळत असेल तर मिळवा. दोन्ही भाग फक्त चित्रपटगीतांच्या रूपांतरांनी भरलेले असतील तर संध्याकाळ छान जाईल, पण क्विंटेट काय करू शकतो ते कळणार नाही. निदान एक तरी रचना मुळात ब्राससाठीच लिहिलेली हवी.

आता जागा. पहिल्या तीन रांगा टाळा, फुकट मिळाल्या तरी. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा भोंगा ज्या दिशेला असतो त्याच दिशेला आवाजाची धार जाते. हॉर्नचा भोंगा मागे वळलेला असतो, त्यामुळे त्याचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून मग तुमच्याकडे येतो. ट्यूबाचा आवाज छताकडे जातो. पुढे बसलात तर तिघे अंगावर येतात आणि दोघे हरवतात. आठव्या ते पंधराव्या रांगेपर्यंत, मधोमध, किंवा पहिल्या बाल्कनीची पुढची रांग घ्या. तिथे पाचही आवाज एकत्र होऊन पोचतात. बाल्कनी पुढे आलेली असेल तर तिच्या खालच्या शेवटच्या रांगा नकोत. छताकडून येणारा ट्यूबा तिथे अडतो.

सभागृहही तपासून घ्या. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर (१९८०) मुळातच बिनमाइकच्या संगीतासाठी बांधलेलं आहे. अशा ठिकाणी क्विंटेटची प्रत्येक ओळ सुटी ऐकू येते. चर्चमध्ये आवाज दोन-तीन सेकंद घुमत राहतो. तिथे संथ, जुनं संगीत सोन्यासारखं वाजतं आणि विसाव्या शतकातलं जलद संगीत मात्र खिचडी होतं. परदेशात राहणाऱ्यांना चर्चमधले कार्यक्रम स्वस्तात किंवा फुकट मिळतात. जरूर जा, फक्त पत्रिका बघून जा. मोकळ्या मैदानावरचा माइक लावलेला कार्यक्रम पहिल्या अनुभवासाठी घेऊ नये. सगळा आवाज दोन स्पीकरमधूनच येणार असेल तर पाच जण कुठे बसलेत याला काही अर्थ उरत नाही.

आठवडाभराची तयारी

रोज वीस मिनिटं पुरतात. एकच अट: फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. ट्यूबाचे खालचे स्वर त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाहीत, आणि आपल्याला तर तिथूनच सुरुवात करायची आहे. हेडफोन लावा.

पहिले दोन दिवस बाखची जी मायनरमधली ‘छोटी’ फ्यूग (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक बीडब्ल्यूव्ही ५७८) ऐका. मूळ रचना ऑर्गनसाठी आहे, पण क्विंटेटवाल्यांनी ती केव्हाच आपली करून टाकली आहे. लांबी चारेक मिनिटं. तिची मुख्य ओळ सरगममध्ये पाठ करता येते: सा प ग रे सा, ग रे सा नि रे प. गंधार कोमल, निषाद शुद्ध, आणि शेवटचे नि व प मंद्र सप्तकातले. किरवाणी माहीत असलेल्याला हा मुलूख अनोळखी वाटणार नाही. ही ओळ एक आवाज एकट्याने म्हणतो, मग दुसरा तीच ओळ पंचमापासून धरतो, आणि तोवर पहिला गप्प न बसता वेगळं काहीतरी विणत राहतो. मग तिसरा, मग चौथा. अशा रचनेलाच फ्यूग म्हणतात. मुळात हे आवाज वरून खाली उतरत येतात आणि शेवटची पाळी ऑर्गनच्या पायपट्ट्यांची असते. क्विंटेटमध्ये ते पायांचं काम ट्यूबाकडे जातं. पहिल्यांदा ऐकताना फक्त मोजा: ओळ कितीदा सुरू झाली? दुसऱ्यांदा प्रत्येक वेळी कुणी सुरू केली ते ओळखा. तिसऱ्यांदा ट्यूबाची वाट बघत ऐका. मधल्या गर्दीत ती ओळ तळातून वर येते ना, तिथे पहिल्यांदा कळतं की ‘खालून ऐकणं’ म्हणजे काय.

तिसऱ्या दिवशी व्हेनिसचा जोव्हान्नी गाब्रिएली. त्याची ‘सोनाता पियान ए फोर्ते’ १५९७ साली छापली गेली. कुठे हळू आणि कुठे जोरात हे छापून देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रचनांपैकी ती एक. सेंट मार्क्स बॅसिलिकात वादकांचे दोन गट दूरदूर उभे राहून एकमेकांना उत्तरं द्यायचे. आठ आवाजांची रचना असल्याने ती दहा जणांच्या ताफ्यात जास्त शोभते. पण ऐकायची युक्ती सोपी आहे: जुगलबंदीतले सवाल-जवाब ऐकतो तसं ऐका, आणि दोन्ही गट एकदम वाजू लागतात ती जागा हेरून ठेवा.

चौथा आणि पाचवा दिवस व्हिक्टर एवाल्डचा पहिला क्विंटेट. एवाल्ड (१८६०–१९३५) सेंट पीटर्सबर्गचा. व्यवसायाने स्थापत्य अभियांत्रिकीचा प्राध्यापक, हातात चेलो, आणि नाव राहिलं ते ब्राससाठी लिहिलेल्या संगीतामुळे. हा क्विंटेट जवळपास प्रत्येक गटाच्या पोतडीत असतो. याची सुरुवातच ट्यूबा करतो, आणि तीही साथीची नव्हे, मुख्य सुरावटीची. मग ती सुरावट वर सरकत जाते. नवख्याला ब्रास शिकवण्यासाठी कुणी मुद्दाम लिहिली असती तरी याहून नीट लिहिता आली नसती.

सहाव्या दिवशी माल्कम आर्नल्डचा १९६१ मधला क्विंटेट. हा गृहस्थ स्वतः लंडन फिलहार्मोनिकमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, त्यामुळे वादकाला कुठे दमवायचं आणि कुठे सोडायचं हे त्याला पक्कं माहीत होतं. मधला भाग ‘शाकोन’ आहे, म्हणजे एक ठरावीक साखळी पुन्हापुन्हा येत राहते आणि तिच्यावर नवंनवं बांधलं जातं. तबल्याच्या सोलोतला लेहरा आठवा. लेहरा धरून ठेवला की वरचं काम आपोआप दिसू लागतं.

सातव्या दिवशी काहीही ऐकू नका, किंवा मग पन्नाशीच्या दशकातली हिंदी चित्रपटगीतं ऐका. त्यातल्या ट्रम्पेटमागे बरेचदा गोव्याची फुंक आहे. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो शाविएर वाझ त्यांपैकीच. म्यूट लावलेल्या ट्रम्पेटचा बारीक, खट्याळ आवाज आपल्या कानांनी तिथेच साठवून ठेवला आहे.

सभागृहात, पहिल्या सुराआधी

पंधरा मिनिटं आधी जागेवर बसा. उशीर झाला तर दार बंद मिळेल आणि रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागेल. कपड्यांचा काही नियम नाही.

मंचाकडे नीट बघून घ्या. ट्रम्पेटवाल्यांच्या खुर्चीजवळ स्टँडवर दोन-तीन वाद्यं असतील. त्यातला अगदी छोटा, बहुधा चार व्हॉल्व्हचा, तो पिकोलो ट्रम्पेट. त्याची नळी नेहमीच्या ट्रम्पेटच्या निम्मी. तो दिसला की समजायचं, बाखच्या काळातलं काहीतरी उंच पट्टीतलं येणार आहे. भोंगा मोठा आणि अंगाने गुबगुबीत दिसतो तो फ्लूगलहॉर्न, आणि तो म्हणजे संथ गाण्याची नांदी.

खुर्च्यांच्या पायाशी म्यूट ठेवलेले असतात. म्यूट म्हणजे भोंग्यात बसवायचं बूच. शंकूसारखा सरळ म्यूट आवाज बारीक आणि नाकातला करतो. पुढे वाटी असलेला कप म्यूट त्याला मऊ करतो. ॲल्युमिनियमचा हार्मन म्यूट कडेने पूर्ण बंद असतो, सगळी हवा त्याच्या पोटातूनच जाते, त्यामुळे ट्रम्पेट दूरच्या टेलिफोनवर बोलल्यासारखा येतो. आणि लाल-काळी रबरी वाटी दिसली तर चमकू नका. बेसिन तुंबल्यावर वापरतात तोच दट्ट्या, दांडी काढलेला. तो भोंग्यासमोर उघडझाप केला की वाद्य ‘वा-वा’ बोलू लागतं. हॉर्नवाल्याला मात्र बरेचदा म्यूट लागत नाही, त्याचा उजवा हात कायम भोंग्यातच असतो. हात पूर्ण आत खुपसून तो भोंगा बंद करतो तेव्हा आवाज धातूच्या पातळ पत्र्यासारखा थरथरतो. अशा वेळी सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणून तो मनातल्या मनात अर्धा स्वर खालचं वाजवत असतो. सगळं हातानेच आणि वेगात.

एखादा वादक वाद्यात नुसतीच हवा फुंकताना दिसेल, आवाज काहीच नाही. तो नळी गरम करतोय. हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंटने चढतो. १०० सेंट म्हणजे अर्धा स्वर. दहा अंशांचा फरक पडला तर अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा गेला. आपल्याकडच्या कडक एसीत हा प्रश्न खरा आहे.

पहिला भाग

सुरुवातीची रचना बहुधा छोटी, खणखणीत आणि वादकांच्या हातची असते. ती विश्लेषण न करता ऐका. तेही त्या वेळी सभागृह अजमावत असतात.

एक गोष्ट मात्र पहिल्याच क्षणी बघायची, ती म्हणजे श्वास. समोर कंडक्टर नसताना पाच जण एकदम कसे सुरू होतात? त्यांच्यातला एक जण, बहुधा पहिला ट्रम्पेट, लयीत श्वास घेतो. भोंगा किंचित वर उचलला जातो, खांदे हलतात, आणि त्या एका श्वासातच रचनेचा वेग आणि जोर ठरलेला असतो. संथ रचनेआधी श्वास लांब, जलद रचनेआधी झटक्यासारखा. दोन-तीन रचनांनंतर पुढचा सूर कसा असेल हे श्वासावरूनच ओळखता येतं.

दुसऱ्या रचनेपासून काम सुरू. पहिली दोन मिनिटं फक्त ट्यूबाकडे बघा आणि त्याच्याबरोबर मनात गुणगुणा. डोळे जिथे असतात तिथे कान जातात, ही अगदी साधी युक्ती आहे. मग ट्यूबा सोडायचा नाही, पण त्याच्यावर ट्रॉम्बोन चढवायचा. दोन ओळी एकदम धरता आल्या की हॉर्न. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण हॉर्नचा आवाज बाकीच्यांना सांधणारा असतो, म्हणजे तो नसताना कळतो, असताना कळत नाही. हॉर्नवाला गप्प बसतो ती जागा शोधा. एकदम आवाजात पोकळी पडल्यासारखी वाटेल. तो परत आला की ती भरते. एवढं जमलं की वर ट्रम्पेट आपोआप जागेवर बसतात.

जिभेकडेही लक्ष द्या. सूर फुंकेने येतो, पण त्याची सुरुवात जीभ करते: ठसठशीत हवा असेल तर ‘त’, मऊ हवा असेल तर ‘द’. फार जलद काम असलं की ‘त-क त-क’, आणि तीन-तीनच्या गटात ‘त-त-क’. तबल्याचे बोल तोंडाने म्हणणाऱ्याला हे लगेच पकडता येईल.

आणि आता आपल्या कानांना सगळ्यात जवळची गोष्ट. संथ रचनेचा शेवटचा स्वरमेळ ऐका. त्यात कुणातरी एकाकडे गंधार असतो. पेटीचा गंधार नैसर्गिक शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. मैफलीत पेटीबद्दल कुरकुर होते ती यामुळेच. ब्रासवाल्यांना मात्र सूर ओठांनी हलवता येतो, म्हणून ज्याच्याकडे गंधार असतो तो आपला सूर तेवढा खाली घेतो. कुठे घेतो? तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो, नेमका तिथे. नळीची शिडी आणि तारेची शिडी एकच आहे. हे जुळतं तेव्हा आवाज वाढवला नसतानाही स्वरमेळ मोठा झाल्यासारखा वाटतो, आणि कधीकधी कुणीच वाजवत नसलेला एक सूर खाली घुमू लागतो. तंबोरे लागल्यावर खोली भरून जाते तसंच. हा क्षण प्रत्येक मैफलीत येत नाही. आला तर टाळ्यांची घाई करू नका, छतातला आवाज विरू द्या.

टाळ्या, दाद आणि खोकला

आपल्याला जागेवर ‘क्या बात है’ म्हणायची सवय. ती इथे आवरावी लागते. मधे दाद दिली तर वादकाला राग येतो म्हणून नव्हे, पाच जण एकमेकांच्या श्वासावर चाललेले असतात आणि बाहेरचा आवाज तो धागा तोडतो म्हणून. पत्रिकेत एका रचनेखाली तीन-चार नावं लिहिलेली असतील तर ते तिचे भाग आहेत, मूव्हमेंट. सगळे भाग संपल्यावरच टाळ्या. मोजायला चुकलात तर वादकांच्या कोपरांकडे बघा. वाद्य ओठांवरून खाली आलं, तरी कोपर ताठ आणि डोळे कागदावर असतील तर अजून बाकी आहे. अंग सैल पडलं, वर बघून हसले, की संपलं. जॅझच्या अंगाची रचना असेल तर एकट्याची फेरी झाल्यावर टाळ्या चालतात, तिथे पोटभर वाजवा.

चुकून मधेच टाळी पडली तर पडली. जगभर पडते.

चुकतं ते का चुकतं

पहिल्या दर्जाचे वादकही एखादा सूर फोडतात. सर्वांत जास्त हॉर्नवाला. लांब नळी असूनही तो शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर वाजतो, आठव्या पायरीच्या पुढे, आणि तिथे पायऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. ओठ केसभर चुकले की शेजारची पायरी लागते आणि सूर लागण्याआधी एक ‘कर्र’ उमटतो. ट्यूबावाल्याला हा त्रास कमी, पण त्याचा निराळा आहे: खालच्या स्वराला उभं राहायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांबरोबर ऐकू यायचं तर त्याला किंचित आधी सुरू करावं लागतं. सुरुवात फाटलेली वाटली तर बरेचदा इथेच हिशेब चुकलेला असतो.

मधेमधे वादक वाद्याची एक छोटी कळ दाबून जमिनीवर पाणी सोडतात, हॉर्नवाला तर अख्खं वाद्य फिरवून, नळ्यांचे तुकडे काढून झटकतो. नवख्याला ती थुंकी वाटते. बहुतांशी ती उच्छ्वासातली वाफ असते, थंड धातूवर जमलेली. ती काढली नाही तर सुरात बुडबुड ऐकू येते.

म्यूट जमिनीवर पडून ठणकन वाजणं हा तर नित्याचा अपघात. म्यूट बदलायला दोनच मात्रा मिळालेल्या असतात, एक हात वाद्यावर, आणि कडेचं बूच कोरडं पडलेलं. म्हणून वादक भोंग्यात आधी गरम वाफ सोडून मग म्यूट किंचित पिळून बसवतात.

मध्यंतर आणि त्यानंतर

मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि ते श्रोत्यांच्या चहाइतकंच वादकांच्या ओठांसाठी असतं. व्हायोलिनवाला तासभर सलग वाजवू शकतो. ट्रम्पेटवाल्याच्या ओठांच्या स्नायूंना रक्त पोचायला उसंत लागते, नाहीतर वरचे सूर आधी जाड होतात आणि मग लागतच नाहीत. पत्रिकेचा क्रमही यावरच ठरतो. अवघड, गंभीर रचना मध्यंतराच्या आधी किंवा लगेच नंतर, आणि शेवटाकडे नृत्यं, जॅझ, ओळखीची गाणी. लहान मूल बरोबर असेल तर पहिल्या भागात कडेची खुर्ची घ्या आणि दुसऱ्या भागासाठी त्याला ताजं ठेवा, तिथेच त्याला जास्त मजा येते. फार लहान मुलांच्या कानांना मोठे सूर टोचतात, त्यांना मागे घेऊन बसा.

दुसऱ्या भागाच्या पहिल्या दोन मिनिटांत सूर थोडे हललेले वाटतील. वाद्यं वीस मिनिटं एसीत थंड पडलेली असतात. वादक एक नळी आतबाहेर सरकवून ते सावरतात. शेवटच्या रचनेत पहिल्या ट्रम्पेटचा वरचा सूर ऐका. दोन तासांनंतरही तो पहिल्याइतकाच बारीक आणि मोकळा असेल तर तो वादक फार मोठा आहे, आणि त्याने मधल्या रचनांत ताकद कुठे वाचवली हे पुढच्या खेपेला शोधण्यासारखं आहे. तो आणि दुसरा ट्रम्पेट मधेच कामाची अदलाबदल करतात का तेही बघा. बरेच गट करतात.

कार्यक्रमानंतर वादक अनेकदा बाहेर येऊन उभे राहतात. बोला, पण वाद्याला हात लावू नका. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला डोळ्याला न दिसणारा पोचा पडला तरी ती अडकते. आणि ‘जरा वाजवून दाखवा ना’ हे तर नकोच, दोन तासांनंतर ओठ सुजलेले असतात. कोणत्या रचनेत कोणता म्यूट होता, अमुक जागी श्वास कसा पुरला, असं नेमकं विचारलं की ते खुलून बोलतात. पहिल्या ट्रम्पेटभोवती गर्दी असेल. ट्यूबावाला बहुधा एका बाजूला एकटा आपलं धूड पेटीत बसवत असतो, आणि ती पेटी बंद व्हायला चांगला वेळ लागतो. त्याच्याकडे जा.